शरणपूरमधील क्षमेवरचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

नाशिकच्या शरणपूर परिसरातील एका मराठी चर्चमध्ये उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत) दर शुक्रवारी सायंकाळी वंशभेद आणि ख्रिस्ती क्षमा या विषयावर अभ्यासवर्ग भरतो. त्यासाठी शुल्क नाही आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही तेथे मनापासून सामावून घेतले जाते.

सर्वांत समृद्ध ठरले ते चार्ल्सटनवरील सत्र. 17 जून 2015 रोजी अमेरिकेतील या शहरात, इमॅन्युएल चर्चमध्ये पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने वंशद्वेषातून गोळ्या घालून ठार केले. दोनच दिवसांनी मृत एथेल लान्स यांच्या कन्या नादिन कॉलियर यांनी न्यायालयात त्याला क्षमा केल्याचे सांगितले. जगाने त्यांचे कौतुक केले, परंतु एथेल यांच्याच दुसऱ्या कन्या, स्वतः धर्मसेवेत असलेल्या शॅरन रिशर, यांना तेथवर पोहोचायला बराच काळ लागला, हेही पाळकांनी तितक्याच आदराने मांडले आणि दोघींपैकी कोणाचाही विश्वास उणा ठरवला नाही. ‘साताच्या सत्तर वेळा’ हे येशूचे उत्तर त्याचा शिष्य पेत्र याला मिळाले ते ‘मी किती वेळा क्षमा करावी?’ या त्याने स्वतःविषयी विचारलेल्या प्रश्नाला. अन्याय सोसणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तोंड बंद करण्यासाठी ते वचन वापरता येत नाही, हे पाळकांचे विवेचन मला अत्यंत मोलाचे वाटले.

नाशिकमध्ये नोकरी करणाऱ्या ईशान्य भारतातील एका तरुणाने, केवळ चेहरा पाहून आपल्याला भाड्याचे घर नाकारले गेल्याचे सांगितले, तेव्हा ‘सोडून दे’ असा सल्ला त्याला कोणी दिला नाही; उलट मंडळीतील दोन कुटुंबांनी त्याच्यासाठी घर शोधण्याची जबाबदारी घेतली.

वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाचे सत्र मात्र घाईत उरकले. माफीसाठी संपूर्ण सत्य सांगणे तेथे बंधनकारक होते, पश्चात्ताप मात्र नव्हता. या एका मुद्द्यावर संपूर्ण सायंकाळ देता आली असती. शरणपूरचा स्वतःचा इतिहासही ओझरताच आला. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात येथील मिशनच्या वसाहतीत शिकली. त्यांतीलच जेकब वेनराइट याने 1873 मध्ये आफ्रिकेत मरण पावलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासाठी तेथेच अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील दफनाच्या वेळी त्यांची शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. पण लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या तुकडीचे नेतृत्व करणारे त्यांचे आफ्रिकन सोबती सूसी आणि चुमा यांना लंडनमधील त्या अंत्यविधीला बोलावले गेले नाही. ज्या भूमीवर हा वर्ग भरतो, तिच्याशी जोडलेल्या या अन्यायावर स्वतंत्र सत्र हवेच.

वाचनासाठी दिलेली टिपणे बहुतांशी इंग्रजीत होती, त्यामुळे मंडळीतील वडीलधारी माणसे चर्चेत मागे राहिली. पुढील उपवासकाळापूर्वी ती मराठीत आणावीत, अशी आयोजकांना आग्रहाची विनंती आहे.