संकेश्वरचं गळाचं दुकान: गांडुळं जरूर घ्या, कणकेचे गोळे नकोत

हिरण्यकेशीवर गळ टाकणाऱ्यांसाठी लिहितोय. संकेश्वरात नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक छोटं दुकान आहे. गळ, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा), वजनाचं शिसं सगळं मिळतं, पण ते निपाणीतही मिळतं. इथं जायचं ते गांडुळांसाठी.

बाकी ठिकाणी गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल, बारीक गांडुळं गळ्यात मारतात. हातात धरली की पिवळा, उग्र वासाचा रस सोडतात आणि जाड गळावर ओवताना फाटतात. इथं बांधावरच्या ओल्या मातीतली जाड गांडुळं मिळतात. दुकानातल्या अक्का डब्यात आधी ओला पालापाचोळा घालतात, वर मूठभर माती, मग एकेक गांडूळ बघून सोडतात. मेलेलं दिसलं की लगेच बाहेर, कारण एक सडलं की डबा वाया. झाकणाला भोकं असतात. डबा ४० रुपयांना. थोडा महाग वाटेल, पण संध्याकाळपर्यंत गांडुळं वळवळत राहतात, मग पैसे वसूल.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे डबा देण्याआधी अक्का विचारतात, "पाणी गढूळ हाय का नितळ? कशासाठी बसणार?" कन्नड गिऱ्हाईक आलं तर हेच कन्नडमधून. हा प्रश्न फार मोलाचा आहे. मागूर आणि शिंगटी हे मासे मिश्यांनी चव घेत तळ चाचपतात, त्यामुळं पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात, अंधार पडल्यावर, वासाचं आमिष तळाला टेकवलं की काम होतं. मरळ डोळ्यानं शिकार करते. तिला हलणारं काहीतरी पाहिजे, लहान मासा किंवा वळवळतं गांडूळ. म्हणून गांडूळ ओवताना त्याचं पूर्ण गाठोडं करू नका. दोन-तीन ठिकाणी टोचा आणि शेपटाकडचा भाग मोकळा सोडा.

कोंबडीची आतडीही ठेवतात, सकाळचीच असतात. मागुरासाठी झकास, आणि गळावर टिकतात. काळीज मात्र मऊ, फेकताना निसटतं. घेतलंच तर शिवणाच्या दोऱ्यानं गुंडाळून बांधा.

कणकेचे तयार गोळे घेऊ नका. पिशवीत कडक झालेले असतात आणि पाण्यात भिजायच्या आत गळावरून तुटून पडतात. राहू, मृगळासाठी घरीच कणीक मळा, त्यात घाण्यावरची शेंगपेंड कुटून घाला, थोडी हळद. दुकानाचा हा माल खरंच कमी दर्जाचा आहे, आणि बाकी सगळं इतकं मन लावून करणाऱ्यांनी तो ठेवूच नये असं मला वाटतं.

मागूर लागला तर हातानं गच्च धरू नका; बाजूच्या परांचा काटा लागला की चांगलाच ठणका लागतो. जून-जुलैत पोट फुगलेली, अंड्यावरची मादी आली तर सोडून द्या, नदीत मासा उरला तरच पुढं गळ टाकायला अर्थ.

रविवारी उन्हं वर आल्यावर गेलात तर जाड गांडुळं संपलेली असतात. शनिवारी संध्याकाळीच घ्या आणि डबा रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आत पाणी ओतू नका.