खाडीकाठी आयपी ६६ जंक्शन बॉक्स: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

ऐरोलीत खाडीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. कंपाउंडचे दिवे आणि गेटवरचे कॅमेरे यांच्या जोडण्यांसाठी मे महिन्यात पॉलिकार्बोनेटचे, पारदर्शक झाकणाचे आयपी ६६ (म्हणजे धूळ आणि पाण्याचा जोराचा फवारा आत न घेणारे) बॉक्स बसवले. आधीच्या साध्या पीव्हीसी डब्यांमुळे जोराची सर आली की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायचा आणि अख्खं कंपाउंड अंधारात जायचं. यंदा तसं एकदाही झालं नाही.

पण हे श्रेय नुसत्या बॉक्सचं नाही. आयपी ६६ हा आकडा न भोकसलेल्या डब्याचा असतो. केबलसाठी भोक पाडलं की पुढचं सगळं ग्लँडवर, म्हणजे त्या भोकात केबलभोवती आवळून बसणाऱ्या बुचावर. ग्लँड केबलच्या जाडीचाच हवा, आणि केबल गोल हवी. चपटी केबल गोल ग्लँडमध्ये कधीच नीट आवळली जात नाही. एका ग्लँडमधून दोन केबल घालायचा वायरमनचा आग्रह मी मोडून काढला. सगळ्या केबल खालून घेतल्या, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला झोल दिला. केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोलावरूनच खाली ठिबकतं.

खरा धडा मिळाला तो गेटजवळच्या बॉक्समध्ये. पावसाचा थेंब आत गेला नव्हता, तरी झाकणाला आतून दव धरलेलं. उन्हात बॉक्स तापला की आतली हवा बाहेर पडते. मग सर येते, बॉक्स एकदम गार होतो आणि दमट हवा आत ओढतो. रोज थोडी थोडी ओल साठत जाते. त्या बॉक्सच्या तळाला ब्रीदर प्लग बसवला. त्याच्यातल्या पातळ पडद्यातून हवा आणि वाफ ये-जा करते, पाणी मात्र आत येत नाही. ओल गेली ती परत धरली नाही. आता प्रत्येक बॉक्सला तो लावला आहे. सिलिका जेलच्या पुड्यांवर पैसे घालवू नका, आपल्या हवेत त्या लगेच भरून जातात.

सिलिकॉन भरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागा.

तक्रार एकच, पण मोठी. झाकणाचे स्क्रू साध्या स्टीलचे होते, खारट हवेत ऑगस्टमध्येच गंजले. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू वेगळे आणावे लागले. एवढी किंमत घेऊन कंपनीने हे द्यायलाच हवे होते.

पार्किंगमध्ये पाणी तुंबतं, म्हणून काही सभासद आयपी ६७ मागत होते. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडण्यासाठीचा आकडा आहे. पाणी तुंबून राहतं तासन् तास, आणि ६७ लिहिलं म्हणजे जोराचा फवाराही सोसेल असं नाही. तिथला बॉक्स आम्ही सरळ छातीच्या उंचीवर नेला.