समुद्रपक्ष्यांतील नर आणि मादी: भक्ष्याच्या दोन वाटा

वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवर वीण करणाऱ्या सुरयांत नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. तरी विणीच्या आरंभी नर चोचीत मासा आणून मादीला भरवतो, आणि अंड्यांसाठी लागणारे पोषण तिला काही अंशी त्याच्याच शिकारीतून मिळते. हिवाळ्यात आपल्या बंदरांवर येणाऱ्या कुरवांत नर थोराड असतो. वादळात कोकण किनाऱ्यावर भरकटून येणाऱ्या बूबींमध्ये उलट मादीच वजनदार.

सर्वांत ठळक फरक, माझ्या मते, दक्षिण महासागरातील भटक्या अल्बट्रॉसमध्ये दिसतो: जड नर अंटार्क्टिकाकडील थंड पाण्यात, तर हलक्या माद्या उत्तरेकडे अन्न शोधतात, आणि तिथेच ट्यूनासाठी सोडलेल्या लांब दोरांच्या गळांना अडकून त्या अधिक संख्येने मरतात.