कानातली शिट्टी: पावसाचा आवाज लावावा की श्रवणयंत्र?

दिवा मालवला की कानातली शिट्टी (टिनिटस, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज) वाढल्यासारखी वाटते. वाढलेली नसते, तिला झाकणारे आवाज थांबलेले असतात. म्हणून स्वस्त उपाय पार्श्वध्वनीचा: पंखा, नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज. गोव्यात जून ते सप्टेंबर कौलांवरचा पाऊस हे काम फुकट करतो. चूक होते ती आवाजाच्या पातळीत. शिट्टी पार बुडवू नका, अंधूक ऐकू येत राहील इतपतच ठेवा. मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागायला हवी. इयरफोनपेक्षा उशाजवळचा स्पीकर बरा.

श्रवणयंत्र महाग, पण ऐकू कमी येत असेल तर आमचा कौल त्यालाच. बाहेरचे बारीक आवाज परत येतात, शिट्टी मागे पडते. ऐकू नीट येत असेल तर मात्र बहुधा पैसे वाया. त्यामुळे आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) कान-नाक-घसा विभाग आहे. इथल्या दमट हवेत यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब साचतात नि आवाज तुटतो. रात्री बॅटरीचं झाकण उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

एकाच कानात आवाज किंवा नाडीसारखे ठोके असतील तर आधी तपासणी. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.