टायर दाखवले चोवीसचे, बसवले एकोणीसचे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्यांची एसयूव्ही आहे आणि यंदा टायर बदलायचे आहेत, त्यांनी दुकानात जाण्याआधी हे वाचा. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मला जसं नवे टायर दाखवून जुने बसवत गंडवलं, तसंच माझ्या साडूलाही गंडवलेलं निघालं. दुकान वेगळं, पद्धत तीच.

आपल्याकडे टायरला बारा महिने सुट्टी नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास, डांबर नुसतं भाजतं. जून लागला की शेतरस्त्याला काळ्या मातीचा चिखल. संभाजीनगरला जायचं तर कन्नडचा घाट, त्यात धुकं आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी. दुकानदार आधी मोठ्या खाचांच्या ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या) टायरच्या मागे लागला होता. "भाऊ, मळ्यात जाता ना? मग हेच न्या." पण ए/टी हायवेला आवाज करतात, ओल्या डांबरावर साधारणपणे एच/टी, म्हणजे हायवेसाठीच्या टायरइतके चांगले थांबत नाहीत, आणि आपल्या काळ्या मातीत त्यांच्याही खाचा लिंपून टायरचा लाडूच होतो. ज्याचं नव्वद टक्के फिरणं डांबरावर आहे त्यानं सरळ एच/टी घ्यावेत, हे माझं मत. मी तेच सांगितले, साइज २३५/६५ आर १७, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) १०४. हा लोड इंडेक्स जुन्या टायरवर असेल त्यापेक्षा कमी घेऊ नका.

काउंटरवर एक टायर आणून त्यानं स्वतःच आकडे दाखवले. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी २२२४, म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. "एकदम ताजा माल, भाऊ." मी फोटो काढला. मग गाडी मागे लावायला सांगितली, मला एसीत बसवलं, चहा आला. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं, चारही टायरना काळं पॉलिश मारून गाडी समोर आली. बिल पक्कं, जीएसटीसकट. त्यावर कंपनी, साइज, नग चार.

पहिल्या पावसात चाळीसगाव सोडून घाट चढताना एका वळणावर ब्रेक दाबला तर एबीएस थडथडायला लागला, म्हणजे चाकं घसरत होती. वेग काही फार नव्हता. त्याच आठवड्यात पाचोऱ्याजवळ मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक काढून आडवं टाकलं, आतल्या बाजूचा चिखल ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाला, "भाऊ, टायर नवे म्हणता, हे तर जुने आहेत." आकडे होते ३८१९. सप्टेंबर २०१९. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा, आणि रबराला नख रुतत नव्हतं. उरलेली तीनही चाकं तिथेच काढायला लावली. दोन ३८१९. एकच २२२४, आणि तो बसवलेला कुठे? पुढे, ड्रायव्हरच्या दाराजवळ, तारखेची बाजू बाहेर करून! गाडीत बसताना मालकाची नजर जाते ती तिथेच.

यातली मेख अशी, की तारखेचे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की गाडीखाली आडवं पडून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. आणि खाचा मोजूनही काही कळत नाही. न चाललेल्या टायरच्या खाचा पूर्णच असतात, खाचांमधली १.६ मिलिमीटरची झिजेची खूण बघून त्याचं वय समजत नाही. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर मी आजही आनंदानं घेईन, जरा भाव पाडून. पण पत्र्याच्या गोदामात आपले पाच-सहा उन्हाळे खाल्लेलं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. वापर असो वा नसो, सहा वर्षांनंतर टायर बदला असं बऱ्याच गाडी कंपन्या सांगतात. म्हणजे मला नव्याच्या भावात आयुष्य संपत आलेला माल दिला होता.

दुकानात गेलो तर आधी "गोडाऊनच्या पोऱ्यानं चुकून दिले". तीन चुकून आणि दाराजवळचा एक बरोबर, असं विचारल्यावर सूर बदलला. "हे टायर आम्हीच बसवले कशावरून?" बिलावर टायरचे नंबर का लिहीत नाहीत, ते तेव्हा कळलं.

म्हणून टायर रिमवर चढण्याआधी मशीनपाशी उभे राहा. चहा नंतर पिता येतो. चारही टायर जमिनीवर उलटेपालटे करून आकडे स्वतः वाचा, फोटो काढा, तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगा. टायरवर फिरण्याचा बाण किंवा 'आउटसाइड' असं छापलेलं असेल तर मात्र ते पाळावंच लागतं, मग आकडे बिलावर असणं आणखी गरजेचं. हाताने लिहिले तरी चालतील, पण शिक्का हवा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, बिल आणि फोटो जोडले. काही दिवसांनी दुकानातूनच फोन आला. तीन टायर बदलून मिळाले. झिजेचे म्हणून पैसे कापले, अलाइनमेंटचे पुन्हा घेतले. त्यावरून मी भांडलो नाही. बिलावर चारही आकडे लिहून मागितले तेव्हा काउंटरवरचा म्हणाला, "असं कोणी मागत नाही, भाऊ." पण दिले लिहून, शिक्क्यासकट.