विंडो एसीची धडधड कमी झाली, गणपती पेठेतल्या मामांचं काम एक नंबर

आमच्याकडे विश्रामबागला दीड टनाचा विंडो एसी आहे, पाच वर्षं झाली त्याला, आणि गेल्या उन्हाळ्यापासून आवाज इतका वाढला होता की आईला त्या खोलीत झोपच लागेना. मे महिन्यात सांगलीत रात्री पण भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे बंद केला की घामानं अंग भिजतं आणि चालू केला की डोकं उठतं. आधी एका ठिकाणचा माणूस बोलावला होता, त्यानं दारातूनच ऐकलं आणि म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, बदला नाहीतर सरळ स्प्लिट घ्या. मी तर पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली होती.

मग शेजारच्या काकू म्हणाल्या थांब, आमच्या मामांना एकदा दाखव. गणपती पेठेत बोळात छोटंसं दुकान आहे त्यांचं.

मामा आले आणि स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. एसी चालू ठेवायला लावला आणि एकेका जागी तळहात दाबून बघत गेले, पुढची जाळी, मग बॉडी, मग खिडकीची लाकडी चौकट. चौकटीवर जोर दिला तसा आवाज एकदम बसला, हात काढला की परत घर्रर्र. म्हणाले, "ताई, मशीन एवढं वरडत नाय, तुमची खिडकी वरडतीय. मिरजेत तंबोरं बघितल्यात न्हवं? तार एवढीशी असती, पर भोपळा तिचा आवाज मोठा करतोय. हितं खिडकीचा भोपळा झालाय." मला पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलं.

मग दोघांनी मिळून एसी बाहेर ओढला. खालच्या अँगलवर जुन्या फिटरनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे टाकले होते, ते उन्हानं कडक होऊन तडकले होते, म्हणजे लोखंडावर लोखंडच बसलेलं. तिथं चार जाड रबरी पॅड टाकले. बाजूच्या फटीत थर्माकोल कोंबला होता तो पण काढला, कारण तो घासून किरकिरतो, आणि फोमची पट्टी भरली. एक काच सैल होती तिला लांबी लावली. विंडो एसीत मोटर एकच असते, तिच्या एका टोकाला आतला ब्लोअर आणि दुसऱ्या टोकाला मागचा पंखा, हे मला माहितीच नव्हतं. ब्लोअरच्या पात्यांत एका बाजूला धुळीचा थर जास्त होता त्यामुळे तोल जाऊन सगळंच थरथरायचं, आणि त्याचा स्क्रू ढिला होता, रात्रीची टकटक त्याचीच. फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी धुते पण ब्लोअरपर्यंत आपला हात पोचत नाही.

मागून पाण्याचा छपछप आवाज येतो तो पण घालवा, खाली भोक पाडा असं मी म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. मागच्या पंख्याची कडा साचलेलं पाणी उडवून गरम कॉइलवर मारते, त्यानं कॉइल थंड होते, ते पाणी काढून टाकलं तर आपलंच नुकसान. फक्त लेव्हल लावून एसीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिला, आधी तो आत कलला होता.

मोबाईलच्या ॲपवर आईच्या उशीपाशी आधी ६४ डेसिबल दाखवत होता, आता ५४-५५. ॲप काही एकदम अचूक नसतं पण फोन तोच, जागा तीच, आणि १० डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज लागतो. कॉम्प्रेसर बंद-चालू होताना एक धक्का बसतो तो अजून आहे, आमचा एसी इन्व्हर्टरवाला, म्हणजे कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू न करता हळू-जोरात चालवणारा, नाही, ते मामांनी काम घ्यायच्या आधीच सांगितलं होतं की एवढं राहणार.

पॅड, फोम, मजुरी सगळं धरून ८५० रुपये घेतले. तक्रार एकच, सोमवारी येतो म्हणाले आणि बुधवारी आले, फोन पण उचलत नव्हते. सीझनमध्ये त्यांच्याकडे गर्दी असते, त्यामुळे कुणाला बोलवायचं असेल तर पाडव्याच्या आधीच सांगून ठेवा. काल दुपारी आई त्याच खिडकीखाली तोंडावर पेपर ठेवून गाढ झोपली होती आणि मला पलीकडच्या खोलीतला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.