बारा इंची पृथ्वीगोल: मोजमापाला चोख, फक्त डोक्यावरची चकती नडते

अप्पा बळवंत चौकातून घेतला. चौदाशे सांगितले, साडेबाराशेला दिला. मी आठवी-नववीच्या मुलांना घरी भूगोल शिकवते, त्यामुळे शोकेसमध्ये ठेवायला नाही, रोज हाताळायला हवा होता.

व्यास बारा इंच, म्हणजे गोलावरचा १ सेंटीमीटर हा प्रत्यक्षात सुमारे ४१८ किलोमीटर. आल्या आल्या शिवणाचा दोरा ताणून पुणे-दिल्ली मोजलं. पावणेतीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण ११५० किलोमीटर. बरोबर! विषुववृत्तावरचा जोडही नीट बसलाय. स्वस्तातल्या गोलांत तिथे निम्मा आफ्रिका सरकलेला असतो.

मुलं रमली ती उत्तरेला. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते स्वालबार्ड बेटांवरचं लाँगियरब्येन: २.३ सेंटीमीटर, साडेनऊशे किलोमीटरच्या थोडं वर. नियमित प्रवासी विमानं जातात असा जगातला सगळ्यात उत्तरेकडचा विमानतळ तो, ७८ अंशांवर, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेला. एकाने लगेच ताशी ८०० ने भागून "सव्वा तास, मॅडम" असं जाहीर केलं. वेळापत्रकात मात्र एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, वर चढणं, वेग कमी करत उतरणं हे भागाकारात येत नाही. आपल्या दिल्लीच्या विमानाचंही तेच, भागाकार दीड तासाच्या आत आणि तिकिटावर दोनाच्या वर. शिवाय स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर, म्हणजे तिथे जाऊन नॉर्वेत परतायचं तर आपल्याला एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. हे दोऱ्याला कुठून कळणार?

आता तक्रार. लाँगियरब्येन ते अलास्कातलं उत्कियाग्विक मोजायला घेतलं. (गोलावर अजून जुनं नाव 'बॅरो' छापलंय. ते २०१६ मध्ये बदललं, छापणाऱ्यांना घाई नसावी.) भिंतीवरच्या नकाशात ही दोन गावं जवळजवळ अर्ध्या जगाच्या अंतरावर दिसतात, पण खरी सरळ वाट उत्तर ध्रुवाला अगदी खेटून जाते. आणि नेमकी तिथेच अडीच सेंटीमीटरची प्लॅस्टिकची चकती बसवलेली! दोरा तिला वळसा घालून जातो आणि अडीचेक मिलिमीटर वाढतो, म्हणजे शंभर किलोमीटरची भर. ज्याने ही चकती बसवली त्याच्या मते ८५ अंशांच्या वर पाहण्यासारखं काही नसावं.

नट सोडवून चकती काढली, एका मुलीला गोल दोन्ही हातांनी धरायला लावला आणि पुन्हा मोजलं. आठ सेंटीमीटरला किंचित जास्त, ३३८० किलोमीटरच्या आसपास. भागाकाराने सव्वाचार तास. पण थेट विमानच नाही! आधी दक्षिणेला ओस्लोपर्यंत जवळपास तीन तास, तिथून अटलांटिक ओलांडून अमेरिका, मग अलास्कातलं अँकरेज आणि पुन्हा उत्तरेला. उत्कियाग्विकला बाहेरून येणारा रस्ताही नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा विमानानेच. हा सगळा फेरा दोऱ्याने आखताना तास कधी संपला कळलं नाही, आणि त्यासाठी साडेबाराशे मला मुळीच जड वाटले नाहीत.

रंग ठीक, अक्षरं बारीक, बैठक जड आणि स्थिर. पाचपैकी साडेतीन. मोजमापासाठी घेणार असाल तर दुकानातच वरची चकती काढून दाखवायला सांगा, निघत नसेल तर दुसरा बघा.